एकाच नावाचे दोन अर्ज

भाऊबीजेला सकाळी साडेअकराला चांदणी भाईंदरच्या खारी गावात माहेरी पोचली, तेव्हा हॉलमध्ये दोन पाट मांडलेले होते, भोवती रांगोळी होती, ताटात निरांजन तयार होतं आणि ज्यांना ओवाळायचं त्या दोन भावांपैकी एकही पाटाजवळ नव्हता.

थोरला गुणवंत वरच्या मजल्यावर दार लावून बसला होता. धाकटा शशिकांत खाली व्हरांड्यात, पायातले बूट न काढता, खुर्चीच्या टोकावर बसला होता; म्हणजे अपमान झालाच तर उठून जायला सोपं. दोघांच्या मधल्या जिन्यावरून गुणवंतची बायको दमयंती निरोपांची ने-आण करत होती. तिच्या गुडघ्याचं ऑपरेशन मार्चमध्ये झालं होतं.

“आता काय झालं?” चांदणीने पिशवी खाली ठेवत विचारलं.

“इलेक्शन,” दमयंती म्हणाली आणि कठडा धरून पुन्हा वर निघाली.

चांदणीने पुढे काही विचारलं नाही. या घरात कोणाला ताप आला तरी कारण तेच असायचं. मतदारसंघ तसा वयाने लहान, जेमतेम पंधरा वर्षांचा. त्याआधी मिरा-भाईंदरला स्वतःचा आमदारच नव्हता. होता तो खाडीपलीकडचा, आणि त्याला भाईंदरचे लोक पाहायचे ते पोस्टरवर. मग पुनर्रचना झाली, नवा नकाशा आला, शहराला आपला मतदारसंघ मिळाला, आणि चांदणीचे वडील आप्पा, म्हणजे दशरथ गावंड, यांची अशी समजूत झाली की तो सरकारने त्यांच्यासाठीच काढलाय. ग्रामपंचायत होती तेव्हा ते पंचायतीत होते, नगरपरिषद झाली तेव्हा परिषदेत, महापालिका झाली तेव्हा पालिकेत. मिठागरं गेली, भाताची शेतं गेली, त्यांच्या जागी बिल्डिंगा आल्या, आणि आप्पा प्रत्येक वेळी एक पायरी वर गेले. आता एकच पायरी उरली होती. दोन हजार नऊला पक्षाने तिकीट दुसऱ्याला दिलं. आप्पा अपक्ष उभे राहिले. मतमोजणीच्या दिवशी दुपारपर्यंत ते म्हणत होते, “अजून उत्तनच्या पेट्या यायच्या हायेत.” उत्तनच्या पेट्या आल्या. त्यांत आप्पांना एकोणीस मतं होती.

दोन हजार चौदाला युत्या मोडल्या, आघाड्या मोडल्या, सगळ्या पक्षांना अचानक उमेदवार कमी पडायला लागले आणि गुणवंतला तिकीट मिळालं. तो चौदाशे बारा मतांनी पडला. त्याच निवडणुकीत शिलाई मशीन या चिन्हावर दुसरा एक अपक्ष उभा होता. त्याचं नावही गुणवंत, आडनावही गावंड, गावही खारी. वडिलांचं नाव दाजी. म्हणजे इंग्रजीत लिहिलं तर दोघेही गुणवंत डी. गावंड. तेव्हा मशीनवर उमेदवाराचे फोटो नसायचे. दाजीच्या गुणवंतला एकोणीसशे छत्तीस मतं पडली.

त्या दिवसापासून घरात एक हिशेब पक्का झाला होता: दाजीच्या गुणवंतला उभं केलं शशिकांतने. शशिकांत तेव्हा समोरच्या पक्षात होता. पुरावा नव्हता, पण भावाविरुद्ध पुरावा कोण मागतो? दहा वर्षं दोघे भाऊ फक्त भाऊबीजेला एका खोलीत यायचे, तेही चांदणीसाठी, आणि पाटावर बसून सरळ समोर बघायचे.

मधल्या एकोणीसच्या निवडणुकीत शशिकांतने अर्ज भरून मागे घेतला, कारण त्याला एका महामंडळाचं अध्यक्षपद देण्याचं ठरलं होतं. ते महामंडळ अजून स्थापन व्हायचंय.

“मी त्याला एवढंच म्हटलं,” शशिकांत व्हरांड्यातून म्हणाला, “की दादा, खाली ये, बसून बोलू. तर वहिनींच्या हातून निरोप, की आधी तुझा माणूस बसव.”

“कोणता माणूस?”

“दाजीचा गुणवंत. दादाने भरला, तसा त्यानेही परत अर्ज भरलाय.” शशिकांतने छातीवर हात ठेवला. “चांदणी, आप्पांची शपथ, या वेळी मी नाही.”

चांदणीने त्याच्याकडे पाहिलं. “या वेळी?”

“कोणत्याच वेळी नाही,” शशिकांत म्हणाला, पण अर्धा सेकंद उशीर झाला.

त्या अर्ध्या सेकंदात शशिकांतची अख्खी राजकीय कारकीर्द होती. चौदाला त्याने काहीही केलं नव्हतं. दाजीच्या गुणवंतचा अर्ज आल्याचं त्यालाही पेपरमध्ये वाचूनच कळलं होतं. पण निकालाच्या दुसऱ्या दिवशी भाईंदर पश्चिमेच्या पक्ष कार्यालयात तो शिरला तर लोक उठून उभे राहिले. जिल्हाध्यक्षांनी त्याच्या पाठीवर थाप मारली. “सख्ख्या भावाला पाडायला काळीज लागतं,” ते म्हणाले. शशिकांत खरं सांगणार होता. पण तेवढ्यात चहा आला, मग पेढे आले, आणि महिन्याभराने शहर उपाध्यक्षपदाचं पत्र आलं. तेव्हापासून घरात तो शपथा घ्यायचा आणि बाहेर नुसता हसायचा. दोन्ही ठिकाणी त्याचं भागत होतं.

आजही सकाळी आठ वाजता त्याला त्याच ऑफिसात बोलावलं होतं. अधिकृत उमेदवार नुकतेच मॉर्निंग वॉकवरून आले होते. गेल्या अडीच वर्षांत एकेका पक्षाचे दोन-दोन झाले होते, त्यामुळे कोण कोणाचा मित्रपक्ष हे त्यांनाही हातातल्या कागदावर बघावं लागत होतं. “तुझा भाऊ बंडखोर म्हणून उभा आहे,” ते म्हणाले, “उद्या सोमवार, तीन वाजता मुदत संपते. त्याच्या आत तो बसला पाहिजे. तूच बसवू शकतोस, तुझा अनुभव आहे.”

आता भाऊ पाटावर बसत नव्हता, तो निवडणुकीत कुठून बसणार होता.

स्वयंपाकघरातून मटणाचा वास येत होता. त्यांची आई इंदुबाई तांदळाच्या भाकऱ्या थापत होती. चौऱ्याहत्तर वर्षांची ही बाई आजपर्यंत एकही भाषण न ऐकता या घरातल्या सगळ्या निवडणुकांतून गेली होती. प्रत्येक वेळी तिच्या वाट्याला कार्यकर्त्यांचा चहा आला होता.

“आई, ही काय भानगड आहे?” चांदणीने विचारलं.

“मना काय म्हायत,” इंदुबाई म्हणाली आणि भाकरी उलटली. “तो खाली येन न्हाय, हा वर जान न्हाय. मटण मातर सगळ्यांना पायजे.”

चांदणी दोन मिनिटं ओट्याला टेकून उभी राहिली. तिचा नवरा योगेंद्र तिसऱ्याच पक्षात होता आणि आज प्रचाराला मिरा रोडला गेला होता. त्यामुळे राजकारणी पुरुष कसे समजुतीला येतात याचा तिला अनुभव होता. ते येत नाहीत. त्यांच्यासमोर माणूस आणून उभा करावा लागतो. तिने फोन काढला. भाऊ तिच्या फोनमध्ये “दादा” म्हणून होता. दुसरा होता “गुणवंत लाईट”.

“गुणवंतभाऊ, चांदणी बोलतेय. घरी जेवायला याल का? आत्ता. हो, आमच्याच घरी. नाही नाही, लाईट गेलेली नाही.”

दाजीचा गुणवंत चार गल्ल्या सोडून राहायचा. दहा मिनिटांत आला. कपाळावर त्याच्या बहिणीने लावलेला टिळा होता, अंगात नवा शर्ट होता आणि शर्टाच्या खिशात टेस्टर. तीस वर्षं तो वायरमनचं काम करत होता. गावंडांच्या या बंगल्याची वायरिंगही त्यानेच केली होती. चपला दारात काढून तो आत आला, भिंतीवरच्या आप्पांच्या फोटोला त्याने हात जोडले, मग इंदुबाईच्या पाया पडला.

“काकी, बरी हाव ना?”

“बरी हाय,” इंदुबाई म्हणाली आणि घाईने स्वयंपाकघरात गेली. तव्यावर भाकरी नव्हती.

शशिकांत व्हरांड्यातून उठून आला होता. वर दार उघडल्याचा आवाज झाला. खिडकीतून गुणवंतने आपल्याच नावाचा माणूस फाटकातून येताना पाहिला होता. तो जिना उतरून आला आणि शेवटच्या पायरीवर थांबला. दोन वेळा नगरसेवक झालेला, कडक इस्त्रीतला गुणवंत. पण पालिकेवर दोन वर्षं प्रशासक होता आणि शहरातल्या सगळ्यांसारखा तोही आता माजी होता.

“छान,” तो म्हणाला. “दोघांना एकत्रच बोलावलंस. हिशेब इथेच होऊन जाऊ दे.”

“दादा, बस आधी,” चांदणी म्हणाली.

“मी उभाच आहे. दोन हजार चौदापासून उभाच आहे.” तो वायरमनकडे वळला. “गुण्या, मी तुला एकच विचारतो. या वेळी शशीने तुला काय कबूल केलंय? जे काय असेल त्याच्यापेक्षा जास्त मी करतो. उद्या तीनच्या आत अर्ज मागे घे.”

“शशीदादांनी?” वायरमन शशिकांतकडे बघायला लागला. “शशीदादांचा काय संबंध?”

“ऐकलंस?” शशिकांत म्हणाला.

“पढवून आणलंय,” गुणवंत म्हणाला. “चौदाला पण असाच भोळेपणा केला होता याने. मशीनवर चौथ्या नंबरला मी, अकराव्या नंबरला हा. लोक गोंधळले. नाहीतर आज या घरासमोर लाल दिव्याची गाडी असती.”

“लाल दिवा मध्येच बंद झाला,” चांदणी म्हणाली.

“माझ्यामुळे बंद नसता झाला.”

वायरमन खुर्चीवर बसला नव्हता. दोन पाटांच्या मागे भिंतीला धरून उभा होता. तो अवघडला होता. त्याला वाटलं होतं, सणाचं जेवायला बोलावलंय.

“दादा,” तो म्हणाला, “चौदाला मना आप्पाकाकांनी उभा केला. तुम्हाला म्हायत हाय ना?”

बाहेर शेजारच्या टॉवरमध्ये कोणाच्या तरी मुलांनी लवंगी लावली, ती वाजून संपली.

“आप्पांनी?” गुणवंतने विचारलं.

“मना बोलले, समोरवाले गुणवंतच्या नावाचा एक माणूस शोधतायत. त्यांनी बाहेरचा कोन आनला तं लफडं होईल, त्यापेक्षा आपलाच माणूस असलेला बरा. तू नुसता फॉर्म भर, प्रचार करू नको, घरी बस. फॉर्म त्यांनीच लिहिला. सूचक म्हणून दहा सह्या पण त्यांनीच आणल्या. मी बोललो, गुणवंतदादांना सांगू का? तं बोलले, त्याचंच काम हाय, त्याला सगळं म्हायत हाय.” त्याने आप्पांच्या फोटोकडे पाहिलं. “मना वाटलं, घरात ठरवून केलंय. निकालानंतर तुम्ही माझ्याशी बोलाला बंद झालात. मना वाटलं, मोठी माणसं, कामात असतील.”

गुणवंत पायरीवरून खाली उतरला. आप्पा. मतमोजणीच्या दिवशी आप्पा त्याच्या शेजारी बसले होते. फेरी-फेरीला कागदावर आकडे मांडत होते. अठराव्या फेरीनंतर त्यांनी पेन खाली ठेवलं. गुणवंतला वाटलं होतं, मुलाच्या पराभवाने बापाला धक्का बसलाय. घरी येताना गाडीत आप्पाच म्हणाले होते, “हा शश्याचा हात हाय.” त्यानंतर गुणवंतने पुढची पाच वर्षं त्यांना रोज सकाळी स्वतःच्या हाताने औषध दिलं. ते गेल्यावर फोटो एवढा मोठा केला की भिंतीवरचं घड्याळ काढावं लागलं.

“खोटं आहे,” तो म्हणाला. मग स्वयंपाकघराच्या दाराकडे बघून म्हणाला, “आई, हे खोटं आहे ना?”

इंदुबाई दारात आली. हाताला पीठ होतं. ते तिने पदराला पुसलं नाही. तशीच उभी राहिली.

तिला हा दिवस येणार हे माहीत होतं, फक्त आपण असताना येईल असं वाटलं नव्हतं. नवऱ्याने फॉर्म याच हॉलमध्ये लिहिला होता, आणि तिने त्याला विचारलं होतं, पोराला का पाडताय. तो हसला होता. पाडत न्हाय, बोलला होता, जरासा हलका करतो.

“खरा हाय,” ती म्हणाली.

“का पण?” हे चांदणीने विचारलं.

“त्याला तू पडशील असं वाटला न्हवता रे,” इंदुबाई गुणवंतला म्हणाली. “दोनशे मतं खाईल, असा त्याचा हिसाब. तू थोडक्यात निवडून यावास. वीस हजारांनी आलास तं बापाला कोन इचारतो? दोनशेनी आलास तं पुढल्या टायमाला परत त्याच्याच पायाशी येशील. ऐंशीला पंचायतवाल्यांना त्यानी असाच खेळवला होता. पण हा वायरमन लोकांच्या एवढा कामाचा हाय, ते त्याला म्हायत नव्हता. घरातला फ्यूज उडाला तं तुझा बाप काळोखात काठी घेऊन बसाचा. त्याला काय म्हायत, फ्यूज कोन लावतो.”

“आणि तू दहा वर्षं गप्प बसलीस.”

“तो जिता होता तवा बोलले असते तं तू त्याला घराबाहेर काढला असतास. मेला, तं तू त्याचा एवढा मोठा फोटो लावलास. त्याच्यासमोर पुण्यतिथीला चारशे माणूस जेवला. मी कवा सांगाचा होता? पंगतीत?”

शशिकांत दोन पावलं पुढे आला. दहा वर्षांचा अन्याय त्याच्या चेहऱ्यावर गोळा झाला.

“दहा वर्षं,” तो म्हणाला. “दहा वर्षं या घरात मला गद्दार म्हणत होता तुम्ही. माझ्या मुलीच्या बारशाला दादा आला नाही. आणि आप्पा तोंड वर करून माझंच नाव सांगत होते. माझं जे नुकसान झालंय त्याची भरपाई कोण करणार?”

“तुला उपाध्यक्षपद मिळालं,” चांदणी म्हणाली.

शशिकांत खाली वाकला. त्याने बूट काढायला सुरुवात केली. ते नवे होते आणि सकाळपासून चावत होते. बूट काढताना त्याच्या लक्षात आलं की उद्यापासून त्याच्या नावावर एकही काम उरलेलं नाही. ज्या एका पराक्रमावर तो दहा वर्षं जगला, तोसुद्धा बापाचाच निघाला होता.

गुणवंत शेवटी बसला. पाटावर नाही, जिन्याच्या पायरीवर.

“म्हणजे बापाने पाडलं,” तो स्वतःशीच म्हणाला. “एकोणीसशे छत्तीस मतं. माझी मतं बापाने…”

“दादा, एक बोलू?” वायरमन म्हणाला. “राग मानू नका. ती मतं तुमची नव्हती.”

“काय?”

“निकाल लागल्यावर मी बूथची यादी काढून आणली. अजून हाय माझ्याकडे. मना पण वाटलं, लोक चुकले असतील. पण बघा, खारीच्या शाळेत मना अकरा मतं. चुकायचं तर लोक सगळीकडे सारखे चुकतील ना? नवघर रोडला एका बूथवर मना एकशे चाळीस, आणि शेजारच्या बूथवर चार. मग मी बघितलं, एकशे चाळीसवाल्या बूथवर कोणत्या सोसायट्या येतात. सगळ्यांचं काम मी करतो. मीटर-रूमच्या दारावर माझा नंबर लिहिलेला असतो, गुणवंत गावंड, वायरमन. लोकांनी मशीनवर नाव वाचलं आणि बटण दाबलं. गुजराती, मारवाडी, मुसलमान, सगळे. त्यांनी तुम्हाला कधी दिलं नसतं, दादा. त्यांना तुम्ही कोण ते माहीतच नव्हतं.”

तो हे सगळं हळू आवाजात बोलत होता, एखाद्याला मीटर जळाल्याचं सांगावं तसं. गुणवंतला त्यापेक्षा शिवी बरी वाटली असती. भावाने पाडलं, तर माणूस दहा वर्षं चिडून जगू शकतो. बापाने पाडलं, तरी काहीतरी आधार राहतो. पण कोणीच पाडलं नाही, लोकांनी फक्त मत दिलं नाही, याच्यावर बंड कसं करणार? यंदाच्या त्याच्या पत्रकाची पहिली ओळच होती, ‘चौदाचा अन्याय आता पुसणार’. पंधरा हजार प्रती छापून आल्या होत्या.

“मग या वेळी का उभा राहिलास?” त्याने विचारलं. “या वेळी आप्पा नाहीत. कोण आहे तुझ्यामागे?”

“कोणी नाय. बायको पण नाय, ती नाराज हाय.” वायरमनने खिशातला टेस्टर उगाच काढून परत ठेवला. “मागच्या पावसाळ्यात एका सोसायटीत मीटर-रूममध्ये पाणी शिरलं. वॉचमन मेन स्विच बंद करायला गेला. मी तीनदा लिहून दिलं होतं, की मीटर वर घ्या. तीनदा. फोटो जोडून. मी पोचलो तेव्हा तो तसाच उभा होता, हात बोर्डाला. चिकटलेला. मीच खाली घेतला त्याला.” त्याने तळहात शर्टाला पुसला. “अशा सव्वादोनशे मीटर-रूम आहेत, मी मोजल्यात. बोलायचं कोणाला? पालिकेत नगरसेवकच नाय. मी विचार केला, एकदा घरी बसून एकोणीसशे मतं पडली, एकदा खरंच उभा राहून बघू. निवडून येणार नाय, ते कळतं मना. पण सभेत बोलता तरी येईल. चिन्ह स्विच बोर्ड मागितलंय.”

“म्हणजे तू मागे घेणार नाहीस.”

“नाय, दादा.”

चांदणीने निरांजन पेटवलं. कोणीतरी काहीतरी करायला हवं होतं. “आता या,” ती म्हणाली. “भाकऱ्या गार झाल्या.” दोघे भाऊ येऊन पाटांवर बसले, कारण न बसण्याचं कारण संपलं होतं. तिने टिळा लावला, ओवाळलं, अक्षता टाकल्या. शशिकांत समोर न बघता भावाच्या पाटाकडे बघत होता. वायरमन बाजूला उभा होता आणि ट्यूबलाइट लुकलुकत होती तिकडे त्याचं लक्ष होतं. जेवायला चौघे एकाच पंक्तीला बसले. इंदुबाईने वायरमनच्या ताटात नळी वाढली, जी या घरात आजवर फक्त उमेदवाराला वाढली जायची.

सोमवारी दुपारी पावणेतीनला गुणवंत निवडणूक अधिकाऱ्याच्या कार्यालयात गेला आणि त्याने स्वतःचा अर्ज मागे घेतला. दमयंतीने कारण विचारलं तेव्हा तो म्हणाला, “एका नावाचे दोन कशाला, लोक गोंधळतात.” बाहेर अधिकृत उमेदवाराची माणसं हार घेऊन उभी होती. त्यांनी हार गुणवंतच्या गळ्यात घातला आणि शशिकांतला खांद्यावर उचलायचा प्रयत्न केला. “पुन्हा बसवलास भावाला,” उमेदवार त्याच्या कानात म्हणाले. शशिकांतने सांगून पाहिलं की मी काही केलेलं नाही. ते डोळा मारून गाडीत बसले.

प्रचाराचे दोन आठवडे गेले. वायरमनने रोज संध्याकाळी एका सोसायटीच्या गेटसमोर उभं राहून पाच मिनिटं भाषण केलं आणि त्यानंतर बहुतेक ठिकाणी काहीतरी दुरुस्त करून दिलं. तेवीस नोव्हेंबरला मतमोजणी झाली. ज्यांचं यायचं ते आले, गुलाल उधळला, भाईंदर पूर्वेला तीन तास वाहतूक बंद. दाजीच्या गुणवंतला चार हजार दोनशे अठरा मतं पडली आणि अनामत गेली. निकालाच्या पाटीसमोरून तो थेट नवघर रोडला गेला, कारण एका बिल्डिंगची लिफ्ट बंद पडली होती.

संध्याकाळी शशिकांत खारीला आला. भाऊबीज नव्हती, सण नव्हता. नुसताच आला, आणि व्हरांड्यात गुणवंतच्या शेजारी बसला. दोघांना बोलायला विषय सापडत नव्हता. तेवढ्यात गुणवंतचा फोन वाजला. जिल्हाध्यक्ष होते, तेच, शशिकांतच्या पाठीवर थाप मारणारे. ते आता गुणवंतच्या जुन्या पक्षात होते.

“गुणवंतशेठ, मानलं तुम्हाला,” ते म्हणाले. आवाज एवढा मोठा होता की शशिकांतलाही ऐकू येत होतं. “अर्ज मागे घेतलात, प्रचार केला नाहीत, तरी नुसत्या नावावर चार हजार. लोकांना माहीतच नव्हतं की तुम्ही बसलात. उभे असता तर काय केलं असतंत.”

गुणवंतने श्वास घेतला. गावंडांच्या घरातल्या तीन पिढ्यांत जे वाक्य कोणी उच्चारलं नव्हतं ते त्याने उच्चारलं. “साहेब, ती मतं माझी नाहीत. ती त्याची आहेत.”

“हेच,” जिल्हाध्यक्ष म्हणाले. “हेच आजच्या राजकारणात राहिलं नाही. पालिकेच्या निवडणुका लागू देत. तुमचं तिकीट पक्कं समजा.”

“अहो पण खरंच…”

फोन बंद झाला होता.

“काय म्हणाले?” शशिकांतने विचारलं, ऐकलेलं असूनही.

“माझ्यात नम्रता आहे म्हणाले.”

शशिकांतला आधी खोकल्यासारखं झालं. मग तो हसायला लागला आणि त्याला थांबता येईना. गुणवंत थोडा वेळ कडक बसून राहिला, पण मग त्याचेही खांदे हलायला लागले. दहा वर्षांत पहिल्यांदा दोघांचा एकत्र आवाज व्हरांड्यातून आला, तेव्हा आतून इंदुबाईने दचकून विचारलं, “कोन पडला?”

“कोणी नाही, आई,” शशिकांत डोळे पुसत म्हणाला.

दमयंती चहा घेऊन बाहेर आली. तिने कप ठेवले आणि नवऱ्याकडे बघून विचारलं, “मग घेणार का तिकीट?”

हसणं थांबलं. गुणवंतने कप उचलला, फुंकर मारली, एक घोट घेतला.

“बघू,” तो म्हणाला.